आप्पा आधी बघून यायचे

आप्पा मयेकर कुठेही गेले की टेकण्याआधी एक प्रश्न विचारायचे, "इथं कुत्रा चालेल ना हो?" यात विचित्र काही नाही. विचित्र एवढंच, की त्या वेळी त्यांच्याबरोबर कुत्रा नसायचा. दातांच्या डॉक्टरांकडे त्यांनी हे विचारलं, बँकेत विचारलं, नाटकाच्या तिकीट खिडकीवर विचारलं. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी कार्यालयाच्या व्यवस्थापकाला गाठलं, तेव्हा मी शेजारीच मुठीत अक्षता घेऊन उभी होते. ह्या गृहस्थांना आपण ओळखतच नाही असा चेहरा करून मी मांडवाच्या झालरी न्याहाळू लागले.

"लग्नात कुत्रा कशाला आणताय आप्पा?" व्यवस्थापक म्हणाला.

"आणतोय कुठं? विचारून ठेवतोय."

आप्पा रत्नागिरीत आमच्या आळीत दोन घरं सोडून राहायचे. उभा जन्म मालवाहू जहाजांवर सुखाणी म्हणून गेलेला. सुखाणी म्हणजे जहाजाचं चाक धरणारा. कप्तान सांगणार, सुखाणी वळवणार. "हुकूम दुसऱ्याचा आणि हात आपले," ते म्हणायचे, "म्हणून तर माझं लग्न टिकलं." निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रस्त्याने पाय फाकवून चालत, जणू आळी कुठल्याही क्षणी एका बाजूला कलंडेल. घरात बायको नलूकाकू, आणि तांडेल नावाचा तांबडा गावठी कुत्रा. मच्छीमार बोटीवरच्या मुख्याला तांडेल म्हणतात. ह्याच्याकडे बघून तसं काही वाटायचं नाही. डावा कान अर्धा फाटलेला, आणि आपल्याला कोणीतरी नुकतंच फसवलंय असा कायमचा भाव. एकुलती मुलगी मंजिरी ठाण्याला.

आप्पांना ह्या कुत्र्याचं वेड लागलंय, असं आळीचं मत होतं आणि माझंही तेच होतं. मी माझी सगळी चुकीची मतं ठामपणे बाळगते.

आमची ओळख 'चहा झाला का'च्या पुढे गेली ती माझ्या गाडीमुळे. एकोणपन्नासाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. आमचे हे शेजारी बसले की एक हात हँडब्रेकवर ठेवत आणि प्रत्येक वळण संपल्यावर मोठ्याने श्वास सोडत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू आधी दुसऱ्या कोणाला तरी घेऊन सराव कर. घरातल्या माणसांवर नको." त्याच आठवड्यात आप्पा फाटकाशी येऊन उभे.

"विद्या, रिक्षावाले तांडेलला घेत नायत गो. केस पडतात म्हणतात. तुझ्या गाडीत कुत्रा चालेल?"

"कुत्र्याचं काही नाही आप्पा. पण मी चालवणार आहे, हे तांडेलला सांगितलंत का?"

"मी ज्यांच्या हुकमावर जहाजं वळवलीयत, त्यातल्या निम्म्यांपेक्षा तू बरी असशील," आप्पा म्हणाले.

पहिल्या दिवशी ते आले ते एकटेच. कुत्रा घरी. "आज नुसतं बघून येऊ." मांडवीच्या जेटीवर जाऊन ते एका बाकावर अर्धा तास बसले. मग खिशातून छोटी डायरी काढून त्यांनी लिहिलं. मी डोकावून पाहिलं: 'मांडवी. सायंकाळ साडेपाच. वारा समोरून. बाक तीन, एक मोडका. कुत्री चार, स्वभाव बरे. भेळवाला सज्जन. शनिवारी गर्दी, मंगळवार चालेल.' दुसऱ्या दिवशी तांडेलला घेऊन पुन्हा तिथेच, पुन्हा अर्धा तास. मला हसू आवरेना.

"आप्पा, समुद्र काही पळून जात नाही. एकदम यायला काय होतं?"

"बंदराच्या बाहेर जहाज का थांबवतात? आतलं पाणी किती खोल, वारा कुठला, हे कळल्याशिवाय शिरायचं नसतं. घाई कसली हाय?"

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्यांच्याबरोबर नलूकाकू होत्या, आणि माझं हसू तिथेच थांबलं.

काकू इस्त्रीची सुती साडी नेसल्या होत्या. हिरवी छत्री काखेत. तांडेलचा पट्टा मनगटाला दोन वेढे घालून त्या पुढे चालत होत्या, आणि आप्पा पाच पावलं मागे. कोणीतरी ओळखीचं भेटलं, "काय नलूकाकू, फिरायला?" काकू म्हणाल्या, "मी कसली फिरतेय? ह्याला आणलंय. घरात बसून बसून अंगावर येतो मेला." आणि तांडेलला एक झटका देऊन पुढे.

आप्पांनी मला हलक्या आवाजात सांगितलं. दीड-दोन वर्षांपूर्वी काकू नेहमीसारख्या भाजी आणायला गेल्या, आणि ज्या बाजारात त्या चाळीस वर्षं जात होत्या त्या बाजारातून घरचा रस्ताच त्यांना सापडेना. एका दुकानदाराने स्टुलावर बसवलं, भोवती माणसं जमली, कोणी पाणी दिलं, कोणी नाव विचारलं, आणि नाव सांगायलाही त्यांना वेळ लागला. त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडायचं सोडलं. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढणार. पण चालत्या-बोलत्या ठेवा, माणसांत न्या, तेवढा हळू वाढेल. घरात बसल्या तर पायही जातील आणि उरलेलंही जाईल. आप्पा "चल जरा फिरून येऊ" म्हणाले की त्या म्हणायच्या, "मी काय लहान पोर हाय मला फिरवायला?"

मग गल्लीत सापडलेलं हे फाटक्या कानाचं पिल्लू घरी आलं. एका संध्याकाळी त्याने फार भुंकून वात आणला, तेव्हा काकूच उठल्या, म्हणाल्या, "द्या तो पट्टा, मी नेते त्याला." आणि गेल्या.

"म्हणजे कळलं?" आप्पा म्हणाले. "पट्टा हातात असला की ती नेणारी असते. नसला की आपण तिला नेतोय. जिथं कुत्रा चालत नाय, तिथं नलू चालत नाय. म्हणून विचारून ठेवतो."

लग्नाच्या कार्यालयात झालरी न्याहाळणारी मी, तेव्हा जेटीवरून खाली पाण्यात बघत राहिले.

त्यानंतर वर्षभर मी त्यांची चक्रधर होते. कॉलेजच्या ऑफिसातून सुटले की आठवड्यातून दोनदा, आणि रविवारी सकाळी. आप्पांची पद्धत कधी बदलली नाही: आधी एकटे, मग कुत्र्यासह, मग काकू. थिबा पॉइंटवर सूर्यास्त उत्तम, पण फोटो काढणारे मागे मागे सरत अंगावर येतात, काकूंसाठी बाद. भगवती किल्ल्यावर तांडेल खूश, पण चढ काकूंच्या गुडघ्यांना नको, पायथ्यापर्यंतच. एका बागेच्या रखवालदाराने अडवलं, तेव्हा आप्पांनी वाद घातला नाही, डायरीत लिहिलं, 'माणूस नियमाचा. नाव ठेवण्यासारखं नाही.' मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावाच्या गदारोळात त्यांनी बर्फ फोडणाऱ्या माणसाला तोच प्रश्न विचारला, तेव्हा तो टोपली खाली ठेवून हसला. "आप्पा, हितं माणसांची गत काय हाय ती बघा आधी. कुत्र्यांची सोय चांगलीच हाय!" तिथे तांडेलने एक आख्खा बांगडा पळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावरचा तो फसवल्याचा भाव गेला.

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर झाडाखाली टेबलं मांडलेलं एक हॉटेल होतं. मालक पाळीव कुत्र्यांना मनाई करत नसे, पण तांडेलकडे बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "ब्रीड कुठलं?"

"जहाजी," आप्पा म्हणाले.

मालकाने आदराने पाण्याचं भांडं आणून ठेवलं. काकूंनी मात्र त्याला सोडलं नाही. सोलकढीचा घोट घेऊन म्हणाल्या, "कुत्र्याची जात विचारलीस, ती ठीक. ह्या कढीत नारळ कुठल्या जातीचा घातलायस? दिसत नाय तो." तो इतका ओशाळला की दुसरी वाटी स्वतः करून आणली.

अशा होत्या काकू. गाडीत दर पाच मिनिटांनी मला विचारायच्या, "तुला मुलं किती गो?" मी सांगायची, "एक मुलगी, काकू. पुण्याला असते." एकदा चौथ्यांदा विचारलं, तेव्हा मला गंमत सुचली. म्हटलं, "तीन."

आरशात काकूंचे डोळे माझ्यावर रोखले. "मघाशी एक म्हणालीस. भाट्याच्या पुलापर्यंत दोन झाली?"

आप्पा इतके हसले की तांडेल घाबरून भुंकायला लागला. मी तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं. काकूंचं काय गेलंय आणि काय शिल्लक आहे ह्याचा हिशेब बाहेरच्या माणसाने मांडू नये, हे त्या आरशातून मला स्पष्ट सांगत होत्या. मी ते किस्सा म्हणून घरी सांगितलं आणि विसरले.

आमची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे भाट्याच्या सुरूच्या बनाचं पार टोक, जिथे लोकांचं फोटो काढणं संपतं. तिथे सुरूच्या सुईसारख्या पानांचा गालिचा असतो, तांडेल मोकळा सुटू शकतो, आणि काकू एका पडलेल्या ओंडक्यावर बसून त्याला हाका मारायच्या. त्या ठिकाणी तासभर त्यांना काहीही आठवावं लागायचं नाही. समुद्राला नाव विचारायची सवय नाही. आप्पा मागे उभे राहून म्हणायचे, "विद्या, ही बघ, सरळ रेषेत चाललीय. चाकाला हात लावू नकोस."

आता माझं सांगते.

मला लिहायची हौस आहे. गावातल्या एका फेसबुक पानावर मी अधूनमधून लिहिते. फणसाची भाजी, पावसाळ्यातले रस्ते, सासूबाईंची औषधं असे माझे विषय. वाचक म्हणजे माझ्या दोन बहिणी आणि एक दूरचे मामा, जे प्रत्येक लेखाखाली हात जोडल्याचं चित्र टाकतात. मला वाटलं, आप्पांची ही डायरी म्हणजे केवढा खजिना! मुंबई-पुण्याचे लोक कुत्री घेऊन येतात आणि विचारत फिरतात. मी आप्पांना विचारलं. त्यांना आनंदच झाला. शेजारी बसून त्यांनी माझी यादी तपासली, एका ठिकाणी वाऱ्याची दिशा दुरुस्त केली, बर्फवाल्याचं वाक्य घालायला लावलं. लेखाचं नाव मी ठेवलं होतं 'श्वानासह सहा रम्य स्थळे'. आमचे हे म्हणाले, "श्वान म्हटलं की चावत नाही का?"

आप्पा घरी गेल्यावर मी लेख पुन्हा वाचला. माहिती चांगली होती, पण काळजाला हात घालणारं काही नव्हतं. म्हणून मी शेवटी एक परिच्छेद जोडला. तो मला पाठ आहे, पण सगळा लिहायची माझ्यात ताकद नाही. 'विस्मृतीच्या धुक्यात हरवत चाललेल्या एका वृद्ध काकू' अशी त्याची सुरुवात होती, आणि 'मुका जीव' हा शब्द त्यात दोनदा होता. नाव घातलं नाही, तेवढी अक्कल होती. फोटो घातला, पाठमोरा: हिरवी छत्री, फाटका कान. रत्नागिरीत एवढं पुरतं. तो परिच्छेद मी आप्पांना वाचून दाखवला नाही. त्यांना नंतर वाचून बरं वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं.

लेख चालला. माझ्या दोन बहिणी आणि मामा सोडून पहिल्यांदाच लोकांनी वाचला. शेकड्यांनी पुढे पाठवला. मी तीन दिवस दर दहा मिनिटांनी फोन बघत होते. भाजी दोनदा करपली.

रविवारी सकाळी आम्ही भाट्याला गेलो, तेव्हा सुरूच्या टोकाला नऊ गाड्या उभ्या होत्या. आप्पा आदल्या दिवशी बघून आले नव्हते; ही जागा त्यांची खात्रीची होती. गॉगल घातलेली कुत्री, रिबिनी बांधलेली कुत्री, त्यांचे मालक, मालकांची मुलं. कोणीतरी गाणी लावली होती. तांडेल काकूंच्या पायाला चिकटला. "आज जत्रा हाय का?" काकूंनी विचारलं, तशा मजेतच होत्या.

पांढऱ्या केसाळ कुत्र्याला कडेवर घेतलेली एक बाई लगबगीने पुढे आली. बाई वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "अय्या, ह्याच त्या काकू! मी लेख वाचून रडले हो." मग काकूंचा हात हातात घेऊन, लहान मुलीशी बोलावं तसं मोठ्या आवाजात आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काकू, बऱ्या आहात ना? आज वार कुठला, आठवतंय का? सांगा बघू!"

गाणी चालू होती, पण आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे, आणि मग माझ्याकडे.

"विद्या," त्या म्हणाल्या, "हिला कोणी सांगितलं?"

मी हातातली गाडीची किल्ली उलटीसुलटी करत राहिले. वार मलाही आठवत नव्हता.

काकूंनी मनगटाचे वेढे सोडवले. घाई केली नाही, एक वेढा, मग दुसरा. पट्टा आप्पांच्या हातात दिला. "घ्या. तुम्हीच फिरवा आता, दोघांनाही." आणि गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसल्या.

त्या दिवसानंतर त्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत.

लेख मी घरी पोचताच काढून टाकला. पण तो तोवर मंजिरीपर्यंत ठाण्याला पोचला होता, आणि तिने कौतुकाने त्याचा सगळा मजकूर आप्पांच्या फोनवर पाठवला होता. दोन दिवसांनी आप्पा आले. मी खुर्ची पुढे केली, ते उभेच राहिले.

"खोटं काय नाय लिहिलंयस," ते म्हणाले. "शुद्धलेखन पण चांगलं हाय. फक्त एक गोष्ट राहिली तुझ्या ध्यानात यायची. तिला वाचायला येतं, विद्या."

पुढे केलेल्या खुर्चीत मीच बसले.

"फोन टेबलावर होता. मी आंघोळीला गेलेलो. बाहेर आलो तर मोठ्यानं वाचत होती. एकदा पण अडखळली नाय. शाळेत पहिला नंबर असायचा तिचा वाचनात. पूर्ण वाचून झालं, चष्मा काढला, आणि मला म्हणाली, 'ही मीच ना?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? पंचेचाळीस वर्षं खोटं बोललो नाय तिच्याशी. हो म्हटलं."

मी रडायला लागले, तर म्हणाले, "रडू नकोस. तुझ्यावर रागावून कुठं जाऊ? गाडी तुझ्याकडेच हाय."

मी काकूंची माफी मागायला गेले. आठ दिवस वाक्यं जुळवत होते. काकू ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी पाय धरले आणि म्हटलं, "काकू, माझं फार चुकलं."

"अगो, काय चुकलं? उठ आधी." त्या खरंच गोंधळल्या होत्या. "चहात साखर विसरलीस का मागच्या वेळी? मला नाय आठवत हो."

त्यांना आठवत नव्हतं. लेख नाही, ती बाई नाही, नऊ गाड्या नाहीत. मला क्षणभर, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं झालं. म्हटलं, "मग चला ना, तांडेलला घेऊन भाट्याला जाऊ. गाडी दारात आहे."

काकूंच्या हातातला लसूण तसाच राहिला. दुसऱ्या हाताने त्यांनी ओट्याचा खांब धरला. "नको गो. लोक विचारतात."

"कोण विचारतं? काय विचारतात?"

"विचारतात," त्या म्हणाल्या आणि खांब आणखी घट्ट धरला.

काय घडलं ते गेलं होतं, त्याने झालेली जखम राहिली होती. आणि जिला माफी आठवणार नाही तिची माफी मागून काय होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढचे सहा महिने आप्पा नव्याने कामाला लागले. जिथे कोणी ओळखीचं भेटणार नाही अशी जागा हवी होती. मी कॉलेजातून रजा काढून गाडी चालवली. आरे-वारेच्या घाटातलं वळण, पांढरा समुद्र नावाच्या किनाऱ्याचा मागचा भाग, एकदा तर थेट राजापूर, अर्जुना नदीच्या काठावर दुपारच्या उन्हात अर्धा तास. आप्पा बसायचे, वारा बघायचे, लिहायचे. तांडेल आमच्याकडे आळीपाळीने बघायचा. घरी परतलो की आप्पा ओट्यावर पट्टा वाजवून म्हणायचे, "नलू, हा फार भुंकतोय. नेतेस का?" काकू आतून म्हणायच्या, "तुम्ही न्या." फाटकापर्यंत एकदा आल्या. रस्त्यावरून कोणी सायकलने गेलं, तशा परत फिरल्या.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. आधी पाय गेले, म्हणजे ओट्याच्या दोन पायऱ्यांना धरावं लागायला लागलं. मग घरातल्या घरात स्वयंपाकघर सापडेना. एका दुपारी आप्पांना त्या मागच्या पडवीत दाराकडे पाठ करून उभ्या सापडल्या, घाबरलेल्या, "मला घरी सोडाल का हो?" म्हणत. आप्पा म्हणाले, "सोडतो." आणि हात धरून माजघरात आणलं. मला हे सांगताना ते पहिल्यांदा खुर्चीत बसले.

मंजिरी आली. तिच्यावर माझा राग नाही; मला रागवायचा अधिकारही राहिलेला नव्हता. तिने आठवडाभर सगळं पाहिलं आणि म्हणाली, "आप्पा, तुम्हाला एकट्याला आता झेपणार नाही. ठाण्याला चला. तांडेललाही घेऊ, आमच्या सोसायटीत कुत्री आहेत." आप्पांनी एकच मुदत मागितली, पंधरा दिवसांची. ह्या पंधरा दिवसांत नलू फाटकाबाहेर पडली, तर इथेच राहायचं. मी रोज जाऊन फाटकाबाहेर उभी राहायची, सहज भेटल्यासारखी. आमचे हेदेखील येऊन उभे राहिले, चांगला शर्ट घालून. काकू ओट्यावरून हसून हात करायच्या. खाली उतरल्या नाहीत.

निघायच्या सकाळी मंजिरीने गाडी फाटकाला लावली. काकू दाराची चौकट सोडेनात. समजावून झालं, हात धरून झालं. शेवटी आप्पांनी तांडेलला मागच्या सीटवर बसवलं आणि दार लावून घेतलं. तो काचेला नाक लावून रडायला लागला.

"अहो, कुठं नेताय त्याला?" काकू चौकटीतून म्हणाल्या.

"डॉक्टरकडे. एकटा बसत नाय बघ. येतेस?"

काकू एकेक पायरी उतरल्या. गाडीत बसल्या, तांडेलला मांडीशी ओढलं, आणि काच खाली करून विचारलं, "किती वेळ लागेल?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "संध्याकाळी परत येऊ," ते म्हणाले, आणि पुढच्या सीटवर बसले.

ह्या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. घर बंद आहे. मी फेसबुकवर लिहीत नाही. मामांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

आप्पांचा फोन मात्र येतो, दर रविवारी, बरोबर आम्ही भाट्याला निघायचो त्या वेळी. समुद्राबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, मीही काढत नाही. परवा मात्र आवाज जरा वर लागला होता. "विद्या, एक सांगायचं होतं. नलू बाहेर जायला लागलीय."

माझा विश्वास बसेना. "कशी काय?"

"मला पण आधी कळेना. इकडे जवळ एक तलाव हाय, बाकं बरी हायत. एक दिवस स्वतःच पट्टा घेतला आणि निघाली. आता रोज जाते. काठी घेते, हळू चालते, पण जाते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथं तिला कोण ओळखत नाय. कोण काय विचारत नाय."

मी "बरं झालं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खरंच बरं झालं होतं. माझ्या गावाला जमलं नाही ते एका परक्या गावाने त्यांना ओळख न दाखवून केलं होतं.

"ऐक तर पुढं," आप्पा म्हणाले. "काल बाकावर शेजारी एक बाई बसली होती. तिनं विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? मला वाटलं, झालं, आता ही गडबडणार. मी पुढं व्हायच्या आत नलू ताठ बसली. म्हणाली, रत्नागिरीच्या. तिकडे आम्हाला सगळे ओळखतात."

मी फोन कानाशी घट्ट धरला. मागे तांडेल कोणावर तरी भुंकत होता, आणि त्याला दटावणारा काकूंचा आवाज येत होता, खणखणीत.